गावकुस, गोदाम आणि सर्व्हर

शब्दाची झडती घेतल्याशिवाय तो घरात घेऊ नये, हे आपल्या चळवळीने आपल्याला शिकवले आहे. ‘हरिजन’ हा शब्द देणाऱ्यांनी गोड समजून दिला होता. आपण तो नाकारला, कारण त्या गोडव्याखाली माणसाची खरी अवस्था झाकली जात होती. आज संगणकाच्या व्यवसायातून दोन नवे शब्द आपल्या मुलामुलींच्या तोंडी येऊन बसले आहेत. एक ‘सर्व्हरलेस’ आणि दुसरा ‘एज’. भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात संगणकाचे वर्ग करणारी मुले मुलाखतीला जाताना हे शब्द पाठ करून जातात. यांमुळे संकेतस्थळ जलद होते, सुरक्षित होते, खर्च कमी येतो, असे त्यांना सांगितलेले असते. ते बहुतांशी खरेही आहे. पण कशामुळे जलद, कोणापासून सुरक्षित आणि कमी झालेला खर्च कोणाच्या माथी, हे विचारल्यावाचून आपण हे शब्द स्वीकारू नयेत. मागासवर्गीय विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आपल्या संस्थांची ग्रंथालये आणि आपल्या माणसांच्या तक्रारी आता याच यंत्रणेतून जात आहेत.

‘सर्व्हर’ याचा साधा अर्थ सेवा देणारा. कोणी पान मागितले की ते आणून द्यायचे, एवढेच त्याचे काम. तोही एक संगणकच असतो. फरक इतकाच की तो दिवसरात्र जागा असतो आणि त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते. म्हणजे ‘सर्व्हरलेस’ या शब्दाचा सरळ अर्थ झाला, सेवकाविना. आता सेवक नाही आणि सेवा मात्र मिळते आहे, हे कसे? ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या गावची सफाई केली, सांगावे पोचवले, रात्रीचा पहारा केला, त्याला यातली मेख लगेच कळावी. काम आपोआप होते असे ज्यांना वाटते त्यांच्या घरी ते कोणीतरी करत असते. सर्व्हरलेसमध्येही सर्व्हर असतोच. तो तुमचा नसतो, तुम्हाला दिसत नाही, आणि त्याची देखभाल करणारा माणूस तुमच्या पगारपत्रकावर नसतो, इतकेच. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती आहेत. तिथे यंत्रांच्या रांगा चालू असतात, त्यांना थंड ठेवावे लागते, वीज गेली तर डिझेलची जनित्रे सुरू करावी लागतात, आणि दारावर पाळीपाळीने पहारेकरी उभे असतात. या सर्व खटाटोपाला ‘नाही’ म्हणणारा शब्द विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

‘एज’ म्हणजे कड, काठ, वेस. आपल्या अनुभवात मध्यभागी सत्ता, पाणी आणि देऊळ, तर कडेला गावकुसाबाहेरची वस्ती. जे जे लागेल त्यासाठी कडेच्या माणसाने मध्यभागाकडे चालत जायचे. संगणकाच्या जाळ्यात हे चित्र उलटे धरले आहे. तिथे मध्यभाग म्हणजे कुठेतरी दूर, पुष्कळदा परदेशात, ठेवलेला मूळ सर्व्हर. आणि कड म्हणजे माणसे राहतात त्याच्या सर्वांत जवळची जागा. वाचकाने दर वेळी केंद्रापर्यंत जायचे नाही, केंद्रानेच आपला माल वाचकाच्या वेशीवर आणून ठेवायचा, ही ‘एज’ची कल्पना आहे. ती समजून घ्यायला भिवंडीइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

मुंबई महापालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात घेत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ती बंद झाली. जकात भरावी लागे ती माल शहरात शिरताना. साहजिकच विकला जाईपर्यंत माल वेशीबाहेर ठेवणे व्यापाऱ्याच्या हिताचे होते. म्हणून भिवंडी तालुक्यातल्या माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशा गावांच्या हद्दीत, शेतजमिनींवर, गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत; उलट वाढली, कारण तोवर त्यांना दुसरे कारण सापडले होते. ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांनी इथे आपली गोदामे केली. ठाण्यातल्या किंवा चेंबूरमधल्या गिऱ्हाइकाला उद्या सकाळी वस्तू हवी असेल, तर ती त्याने मागण्याच्या आधीच जवळ आणून ठेवलेली असली पाहिजे. कारखाना चीनमध्ये असो की तिरुपूरला, गिऱ्हाइकाच्या लेखी वस्तू ‘भिवंडीहून’ येते.

संकेतस्थळाचेही नेमके हेच करता येते. ज्या पानाची सर्वांना एकच प्रत लागते, म्हणजे एखादा लेख, छायाचित्र, परिपत्रक किंवा अर्जाचा कोरा नमुना, त्याच्या प्रती जगातल्या शेकडो ठिकाणी आधीच नेऊन ठेवायच्या. वाचकाने मागणी केली की सर्वांत जवळच्या ठिकाणाने ती पुरवायची. पत्ता मात्र सगळीकडे एकच. पूर्वी १०० क्रमांक फिरवला की त्या त्या शहराच्या पोलीस नियंत्रण कक्षात घंटी वाजे, तसे हे आहे. प्रत्येक प्रतीवर औषधाच्या बाटलीसारखी मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की गोदाम मूळ ठिकाणाहून ताजी प्रत मागवते. ही मुदत किती ठेवायची हे ठरवणे म्हणजे या धंद्यातले निम्मे शहाणपण. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडातले एखादे प्रकरण वर्षभर बदलणार नाही. पण वसतिगृहाच्या प्रवेशयादीची तासाभरापूर्वीची प्रतसुद्धा एखाद्या मुलीला चुकीची बातमी देऊ शकते.

या कल्पनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९५ च्या सुमारास गर्दीचा प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेतील सहकाऱ्यांपुढे मांडला. तिथले गणितज्ञ टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी ल्युइन यांनी त्यातून १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली. ल्युइन ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात मारला गेला, आणि त्याच दिवशी बातमीसाठी झुंबड उडालेल्या संकेतस्थळांना गर्दी झेलण्यासाठी त्याच्याच युक्तीचा आधार घ्यावा लागला.

जवळ असण्याने नेमके काय साधते, याचा हिशेब सोपा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंचवीस हजार. म्हणजे एका खेपेला सेकंदाचा आठवा भाग लागणारच, आणि तो कोणत्याही तंत्रज्ञाला कमी करता येणार नाही. समुद्रातल्या केबली सरळ जात नाहीत, वाटेत ठिकठिकाणी यंत्रे असतात, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाचा पाचवा भाग किंवा त्याहून अधिक वेळ जातो. एवढ्यानेच भागले असते तर तक्रार नव्हती. पण पान मागण्याआधी एक खेप ‘आहात का’ विचारण्यात जाते. मग दोन्ही बाजूंनी गुप्त किल्ली ठरवण्यासाठी जुन्या पद्धतीत दोन खेपा आणि २०१८ मध्ये प्रमाण ठरलेल्या पद्धतीत एक खेप. त्यानंतर खरी मागणी. म्हणजे पहिले अक्षर दिसण्याआधी तीन-चार वेळा सातासमुद्रापलीकडे जाऊन यायचे. त्या पानात आणखी दहा ठिकाणांहून दहा गोष्टी ओढून आणायच्या असतील, तर तोच खेळ पुन्हा. हीच प्रत ऐरोलीला असेल, तर भिवंडीच्या वाचकाच्या दृष्टीने अंतराचा वेळ जवळजवळ शून्यावर येतो.

शिवाय वाट जितकी लांब तितकी ती तुटण्याची शक्यता अधिक. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट काही दिवस रखडत चालले. ज्या पानाची प्रत इथेच होती त्याला त्या दिवसांतही अडचण नव्हती.

आता या बाबतीतले एक दुखणे बोलून टाकले पाहिजे. एकाच फोनवर सिनेमा न अडकता चालतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र गोल गोल फिरत राहतो, हा अनुभव कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थी सांगेल. याचे एक कारण असे की नेटफ्लिक्स आणि गुगल यांनी आपल्या साठ्याची यंत्रे टेलिफोन कंपन्यांच्या इमारतीतच नेऊन बसवली आहेत. करमणुकीचे गोदाम आपल्या दाराशी आले, कारण त्यात नफा आहे. अर्जाचे गोदाम दाराशी आणण्यात कोणाचा नफा नाही. ते आणायला कोणीतरी मागणी करावी लागते, आणि मागणी करण्यासाठी ही गोष्ट शक्य आहे हे आधी माहीत असावे लागते.

अर्थात गोदाम जवळ आणले म्हणजे सगळे झाले असे नाही. गोदामापासून फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून आहे आणि दाट वस्तीत तो मनोराच गुदमरलेला असतो. तिथे उपयोग होतो तो पान हलके ठेवण्याचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला रोमन अक्षराच्या तिप्पट जागा लागते, ही तक्रार खरी आहे. पण पाठवताना मजकूर दाबून पाठवला की ती भरून निघते. या लेखाएवढा मराठी मजकूर दाबल्यावर एखाद्या लहानशा छायाचित्रापेक्षाही हलका होतो. मग आपल्या संस्थांची पाने इतकी जड का? कारण वर मोठमोठी छायाचित्रे सरकत असतात, शोभेसाठी वेगळा फॉन्ट ओढून आणलेला असतो, आणि जुने अंक पानन्‌पान छायाचित्रे काढून एकाच भल्यामोठ्या फाइलीत बांधलेले असतात. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आहेत, ही मोलाचीच गोष्ट आहे. पण एका प्रकरणासाठी आख्खा खंड उतरवावा लागणे आणि तेच प्रकरण मजकुराच्या रूपात, जवळच्या साठ्यातून क्षणात मिळणे, यांत स्वस्त फोनवर वाचणाऱ्याच्या दृष्टीने वाचणे आणि न वाचणे इतके अंतर पडते. कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रकरणवार मजकुराच्या रूपात संकेतस्थळावर मांडले, त्याला बराच काळ लोटला. मराठीत असे काम अजून पुष्कळ करायचे आहे, आणि त्याला पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते.

इथपर्यंत गोदामात फक्त तयार माल होता. पण भिवंडीच्या गोदामात नुसता साठा नसतो. तिथे खोकी फोडतात, माल वेगळा करतात, चिठ्ठ्या डकवतात, पुन्हा बांधतात. तसे कडेच्या यंत्रावर थोडे कामही करून घेता येते. वाचकाच्या फोनचा आकार पाहून लहान छायाचित्र देणे, मराठी की हिंदी हे ठरवणे, प्रवेशपत्र खरे आहे का ते दारातच तपासणे, एकाच पत्त्यावरून मिनिटाला हजार मागण्या येऊ लागल्या तर त्यांना बाहेर थांबवणे. नुसत्या साठ्याच्या जोडीला हे काम आले की त्याला ‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणतात. आणि हे काम बहुधा सर्व्हरलेस पद्धतीने चालते. ती पद्धत समजायला गोदाम सोडून भिवंडीच्या यंत्रमागाकडे जायला हवे.

भिवंडीत कापड विणण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कारखानदार स्वतः सूत घेतो, स्वतः विणतो, स्वतः विकतो. माग बंद असला तरी गाळ्याचे भाडे आणि विजेचा स्थिर आकार त्याच्या डोक्यावर असतोच. दुसरी तऱ्हा मजुरीची. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून परत करतो, आणि मजुरी ठरते पिकावर. पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक; दर पैशांत बोलला जातो. व्यापाऱ्याकडे एकही माग नसतो, तरी त्याच्याकडे थानांच्या थप्प्या असतात. त्याला कोणी ‘मागविरहित’ म्हटले तर शब्दशः ते खोटे नाही. पण कापड मागावरच विणले गेलेले असते आणि त्या मागापुढे बारा तासांची पाळी कोणीतरी उभ्याने काढलेली असते.

सर्व्हरलेस म्हणजे ही मजुरीची पद्धत. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ नावाने ती बाजारात आणली आणि मग इतरांनीही उचलली. तुम्ही फक्त आपला कामाचा तुकडा, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, कंपनीला देऊन ठेवता. मागणी आली की कंपनी कुठल्यातरी यंत्रावर तो चालवते आणि किती वेळा, किती वेळ चालला यावर पैसे लावते; आता हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. कोणी आलेच नाही तर बिल नाही. गर्दी उसळली की कंपनी त्याच तुकड्याच्या शेकडो प्रती एकदम चालवते आणि ओसरली की मोडून टाकते.

आपल्या संस्थांना ही पद्धत सोयीची का, हे त्यांच्या दिनदर्शिकेवरून कळते. वर्षभर शुकशुकाट, आणि १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबरला लोंढा. महापरिनिर्वाण दिनाला शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात; त्या काही दिवसांसाठी कोणी दादरला बारमाही गाळा भाड्याने घेत नाही. संकेतस्थळासाठी मात्र आपण हेच करत आलो. तीन दिवसांच्या गर्दीला पुरेल एवढे यंत्र वर्षभर पोसायचे, किंवा लहान यंत्र घेऊन ऐन चौदा तारखेला ते कोसळलेले पाहायचे.

मजुरीच्या पद्धतीचे दोषही सोबत येतात. बंद पडलेल्या मागावर बीम चढवायला वेळ लागतो, तसा बराच वेळ न चाललेल्या तुकड्याला उठायला क्षणभर लागतो. याला या धंद्यात ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. एका फेरीत किती वेळ काम करायचे यालाही मर्यादा असते. लॅम्डावर ती १५ मिनिटे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या तुकड्याला स्मरण नसते. एक काम संपले की त्यातले काही पुढच्या कामापर्यंत टिकेल यावर भरवसा ठेवता येत नाही. हिशेबाची वही वेगळी, म्हणजे डेटाबेस वेगळा, ठेवावा लागतो. इथेच पुष्कळ जण फसतात. तुकडा आणून ठेवतात मुंबईला आणि वही राहते अमेरिकेत. मग दर मागणीला कडेचा तुकडा वहीत पाहण्यासाठी पाच वेळा समुद्र ओलांडतो आणि संकेतस्थळ पूर्वीपेक्षाही मंद होते. गोदाम माणकोलीला पण चलन फाडायला दर खेपेस न्यूयॉर्कला फोन, अशी गत. म्हणून वहीशिवाय होणारे काम कडेला आणि वहीचे काम वहीजवळ, हा साधा नियम. वही भारतातच ठेवणे आता अवघड नाही. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई भागात आपली केंद्रे सुरू केली आहेत.

शिष्यवृत्तीचेच उदाहरण पुढे नेऊ. अंतिम तारखेच्या रात्री पान उघडत नाही. दुसऱ्या दिवशी नोंद होते की विद्यार्थ्याने अर्जच केला नाही. यंत्राच्या अपुरेपणाचे खापर विद्यार्थ्यावर फुटते आणि त्याचे वर्ष जाते. ही अडचण तांत्रिक दृष्ट्या सुटणारी आहे. माहिती, कागदपत्रांची यादी, अर्जाचा नमुना हे सारे कडेच्या साठ्यातून द्यावे. मूळ यंत्रावर त्याचा भार पडू देऊ नये. भरलेला अर्ज आला की तो तिथल्या तिथे तपासत बसण्याऐवजी एका रांगेत टाकावा आणि अर्जदाराला लगेच वेळ नोंदलेली पोच द्यावी. मागची वही सावकाश, रात्रभर, दोन दिवस, आपल्या गतीने रांग रिकामी करील. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकण्यासाठी पोस्टमास्तर मोकळा असावा लागत नाही. मुदत मोजायची ती पोचेच्या वेळेवर, हा मात्र संगणकाचा नव्हे, शासननिर्णयाचा प्रश्न आहे. विद्यार्थी संघटनांनी निवेदनात ‘संकेतस्थळ सुधारा’ असे मोघम लिहू नये. ‘अर्ज रांगेत घेऊन तत्काळ वेळेची पोच द्या आणि तीच वेळ ग्राह्य धरा’, असे नेमके लिहावे. नेमक्या मागणीला ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर पुरत नाही.

सुरक्षिततेचे काय? कडेच्या यंत्रांमुळे काही धोके खरोखरच कमी होतात. संकेतस्थळ बंद पाडण्यासाठी हजारो यंत्रांकडून एकदम खोट्या मागण्या पाठवण्याचा हल्ला आपल्या विचारांच्या संकेतस्थळावरही होऊ शकतो. एकटे लहान यंत्र त्यात बुडते, शेकडो ठिकाणी पसरलेले जाळे तो लोंढा वाटून घेते. मूळ यंत्राचा पत्ता बाहेर दिसत नाही. नुसती तयार पाने ठेवली तर घुसखोराला उघडायला दारच राहत नाही. उलट तयार सॉफ्टवेअरवर उभारलेली आणि मग वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली संकेतस्थळे, तशी आपल्या अनेक संस्थांची आहेत, सहज फोडली जातात. सर्व्हरलेसमध्ये खालच्या यंत्राची डागडुजी कंपनी करते, हा मोठा दिलासा आहे.

पण एक गोष्ट विक्रेते ठळकपणे सांगत नाहीत. पत्त्याच्या डावीकडे कुलपाचे चिन्ह दिसले की आपण समजतो, आपला मजकूर थेट त्या संस्थेलाच कळतो. कडेची सेवा घेतली की लिफाफा बहुधा कडेलाच उघडला जातो. तिथे तो तपासला जातो, मग पुन्हा बंद करून मूळ ठिकाणी जातो. त्याशिवाय दारात तपासणी करताच येणार नाही. लेख, गाणी, सभेची निमंत्रणे यांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही; ती सर्वांसाठीच आहेत. पण समजा एखाद्या संघटनेने अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खालच्या प्रकरणांसाठी मदतीचा अर्ज संकेतस्थळावर ठेवला. त्यात पीडितेचे नाव येणार, गाव येणार, आरोपींची नावे येणार. हा मजकूर त्रयस्थ कंपनीच्या यंत्रावर उघडा होतो, आणि कोणत्या गावातून, किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून अर्ज आला याची नोंद तिच्याकडे राहू शकते. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे, पण कायदा नंतर धावून येतो. गावात नाव फुटले तर ते परत घेता येत नाही. अशा अर्जातला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद करून पाठवण्याची सोय करता येते, म्हणजे संघटनेच्या किल्लीशिवाय तो मधे कोणालाच वाचता येत नाही. ते करण्याइतका जाणकार हाताशी नसेल, तर संकेतस्थळावर फक्त दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि बाकीचे समोरासमोर बोलावे. प्रत्येक काम संगणकावर नेलेच पाहिजे असे कोणी सांगितले आहे?

आणखी दोन सावधगिऱ्या. कामाच्या तुकड्याला तेवढ्याच कामाचा अधिकार द्यावा. पोच देणाऱ्या तुकड्याला सगळी वही वाचण्याची मुभा नको. माग चालवणाऱ्याला तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. आणि खर्चाला वरची मर्यादा बांधून ठेवावी. पिकावर मजुरी असली की खोडसाळ माणूस रात्रभर खोट्या मागण्या पाठवून नुसते बिल फुगवू शकतो. संकेतस्थळ चालू राहते, पण महिनाअखेर संस्थेचे दिवाळे निघते.

आता मालकीचा प्रश्न. जागा शेकडो झाल्या म्हणून सत्ता विखुरली, असे होत नाही. ८ जून २०२१ रोजी फास्टली या एका कंपनीच्या यंत्रणेत दोष उफाळला आणि न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन आणि ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ तासभर एकदम आडवे झाले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात बिघाड झाला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या आतल्या एका फाइलीचा आकार अपेक्षेपेक्षा वाढला आणि जगभरातली संकेतस्थळे काही तास कोलमडली. कडा अनेक, पण मालक मोजके. भिवंडीच्या मागवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. माग हजारो हातांत आहेत, पण सूत कोण देणार आणि पिकाचा दर काय लागणार, हे त्या हजारो हातांपैकी एकही ठरवत नाही. आज कंपन्या ठराविक संख्येपर्यंत मोफत सेवा देतात. उद्या दर बदलला, किंवा कोणाच्या दडपणाखाली एखादे संकेतस्थळ नको झाले, तर आपल्या हातात काय राहील, याचा विचार आधीच करायला हवा.

याचा अर्थ ही सेवा घेऊ नये असा नाही. मुंबईतल्या दुकानदाराने भिवंडीचे गोदाम वापरणे सोडावे असे कोणी म्हणणार नाही. त्याने आपली वही आपल्याकडे ठेवावी एवढेच म्हणेल. संस्थेने आपला सगळा मजकूर साध्या फाइलींच्या रूपात आपल्या कार्यालयातल्या संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर ठेवावा, म्हणजे एका कंपनीकडून उठून दुसरीकडे जायला एक दिवस पुरतो. कामाचे तुकडे लिहिताना एकाच कंपनीच्या खास सोयींत स्वतःला गुंतवून घेऊ नये. थोडे कष्ट अधिक पडतात, पण निघताना सामान सोडून यावे लागत नाही. हे काम संस्थेतल्या एकाच हुशार मुलावर सोपवून बाकीच्यांनी निर्धास्त व्हायचे, ही आपली जुनी सवय. तो मुलगा नोकरीला लागून बंगळूरला गेला की परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात. निदान दोघांना सारे ठाऊक असावे, आणि ते कागदावर लिहून संस्थेच्या कपाटात असावे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हे तर गोदामाहूनही महत्त्वाचे, कारण वाचकाला तेवढेच ठाऊक असते. ते कार्यकर्त्याच्या किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे न नोंदवता संस्थेच्या नावे नोंदवावे. त्याची मुदत बहुधा वर्षाची असते आणि नूतनीकरण चुकले की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. म्हणून ती तारीख वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर, हिशेब मंजुरीच्या शेजारी, छापून टाकावी.